पाखऱ्यासाठी उतरवलेली गाडी

कराडहून पाटणकडे जाताना उजव्या हाताला गुंडाचं गॅरेज लागतं. ट्रक-टेम्पोच्या कमानी, म्हणजे चाकांवर भार पेलणारे पोलादी पाटे, दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. अंगानं आडवा, बोलायला हळू. गाडी आली की तो आधी विचारतो, "हिच्यात काय भरता?" विटा म्हटलं तर चेहरा तसाच राहतो, अंडी म्हटलं की खुलतो. आतल्याला धक्का लागू नये, गाडी मऊ चालावी, ही त्याची हौस. स्वतःच्या मोटारसायकलीचे शॉकअपही त्यानं इतके मऊ ठेवलेत, की बायको सुलाबाई मागं बसायला तयार नसते. "पाळण्यात बसल्यागत हुतंय. मळमळतं," म्हणते.

गेल्या हिवाळ्यात नाथाजी त्याच्याकडे पिकअप घेऊन आले. पलटणीतून निवृत्त झालेले, शर्यतीचा बैल बाळगणारे. त्यांचा पाखऱ्या एका मैदानात गाडीत चढताना फाळक्यावरून, म्हणजे मागं उतरत्या सोडलेल्या दारावरून, घसरला होता. गुडघा बरा झाला, भीती मात्र राहिली. घरी बांधाला गाडी लावून त्याला आत घेता येई. मैदानात बांध कुठला? फाळक्याचा चढ दिसला की तो चारी पाय रोवून उभा राही. आणि त्याला मारून चढवणं नाथाजींना जमणारं नव्हतं.

"गुंडा, गाडी खाली बसव गड्या. चढ कमी झाला तर चढंल. न्हाईतर ह्याची शर्यत संपली."

काही पाटे काढले तरी गाडी खाली येते, पण ओझं घेतल्यावर ती आदळते. म्हणून गुंडानं पाटे तितकेच ठेवले आणि तापवून त्यांचा बाक कमी केला. गाडी मागून चार बोटं खाली आली. आता जुने शॉकअप लांब पडत होते. आखूड असे दोन जोड त्याच्याकडे होते, एक कडक, एक मऊ. त्यानं अर्थातच मऊ बसवले, बैलाच्या वजनाइतकी खताची पोती भरली आणि एक फेरी मारली. खड्ड्यांतून गाडी अलगद गेली.

दुसऱ्या दिवशी पाखऱ्या हुंगत हुंगत चढला. नाथाजींनी त्याची पाठ थोपटली. पण मल्हारपेठेपर्यंत जाऊन आल्यावर बैल उतरला तो थरथरत, आणि मग फाळक्याकडं बघेना.

"पोती तर निवांत गेली हुती," गुंडा म्हणाला.

"मग पोत्यांचीच शर्यत लावतो की!"

गुंडा गाडीच्या मागं चढला, चपला काढल्या आणि हात पाठीशी बांधून उभा राहिला. "आवं नाना, तुमी चालवा. वळणावर हळू करू नगा."

दुसऱ्याच वळणाला तो बाजूच्या पत्र्यावर आपटला. कपाळाला टेंगूळ घेऊन खाली उतरला, तेव्हा हसत होता.

"पोती आडवी असत्यात, नाना. बैल उभा असतोय. गाडी झुलली की त्यो काय धरणार? त्याला हात हायती व्हय?"

चहा घेऊन आलेल्या सुलाबाईनं कप खाली ठेवला. "मी मागं बसून इतकी वर्सं काय सांगतीय?"

गुंडानं कडक जोड बसवला आणि पुन्हा तसाच उभा राहून गेला. खड्डे तळपायाला लागले, पण तोल गेला नाही. मग काही दिवस नाथाजींनी पाखऱ्याला बांधाला लावलेल्या उभ्या गाडीतच वैरण घातली.

मैदान कडेगावकडं होतं. गुंडाही बरोबर गेला. जाताना पाखऱ्या बांधावरूनच चढला. शर्यतीत तो पहिल्याच फेरीत बाद झाला. नाथाजींना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांचा जीव परतीच्या चढात अडकला होता. सपाट रानात त्यांनी फाळका टाकला. पाखऱ्यानं एक खूर त्यावर ठेवला, मागं घेतला. नाथाजींनी कासरा ढिला सोडला आणि दुसरीकडं बघत राहिले. मागून खुरांचा आवाज आला. बैल आत जाऊन उभा होता.

"पुढं बस की रं," ते गुंडाला म्हणाले.

"न्हाई नाना. ह्याचं पाय बघायचं हायती."

तो मागंच उभा राहिला. कराडच्या अलीकडच्या मोठ्या वळणावर त्याला पत्रा धरावा लागला. पाखऱ्या मात्र रवंथ करत होता.