बारा हातमशिनं

मालतीबाईंचं शिवणाचं हातमशीन विकायचं आहे असं कळलं, म्हणून मी सावंतवाडीला गेलो. जुनी हातमशिनं जमवण्याचा मला नाद आहे आणि अनेकदा फसल्यामुळे संशयाची सवयही. यावरची सोनेरी वेलबुट्टी फारच ताजी दिसत होती. मी मशीन आडवं करून नंबर शोधू लागलो. बाई माझ्या हातांवरून नजर काढीनात.

“नंबर कशाला?”

“त्यावरून वय कळतं. हा रंग नंतरचा वाटतो.”

“मीच देते, दर दिवाळीला. आईचं मशीन आहे. तुमच्याकडे आणखी आहेत?”

“बारा.”

“शिवता काय त्यांवर?”

“मला शिवता येत नाही.”

बाईंनी मला नीट न्याहाळलं. वस्तू अस्सल आहे का, हे मी आजवर शेकडो वेळा तपासलं असेल; घेणारा अस्सल आहे का, हे कुणी तपासेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

“नाही द्यायचं मला,” त्या म्हणाल्या.

मी फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या ओटीवर उभ्या होत्या. मी खरंच गेलो, याची खात्री करत असाव्यात.