वरच्या मजल्याची परतीची तार

माझा मामा वायरमन. मेन स्विच पाडला तरी तो लगेच बोर्डाला हात लावायचा नाही. आधी टेस्टर चालू पॉइंटवर तपासायचा, मग एकेक तार. मामी म्हणायची, "यांच्यापुढे ताट ठेवा, त्यालाही आधी टेस्टर लावतील." आम्ही हसायचो. मामाच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. तरुणपणी 'बंद' म्हणून हात लावलेल्या एका बोर्डानेच ती निकामी केली होती.

एकदा त्याला एका दुमजली घरून बोलावणं आलं. खाली थोरला भाऊ राहायचा, वर धाकटा, अंथरुणाला खिळलेल्या आईला घेऊन. वाटणी झाल्यापासून दोघांतून विस्तव जात नव्हता. खालच्या बोर्डातून जळका वास येत होता.

मामाने खालचा मेन पाडून झाकण काढलं. वीज जिथून परत जाते ती न्यूट्रलची पट्टी एका टोकाला काळी पडली होती, स्क्रू सैल होता. त्याने तिथे टेस्टर टेकवला, तर दिवा लागला! तेवढ्यात वरून आरोळी आली, "आईचं मशीन बंद पडलं!"

मामाने झटकन मेन चढवला. वाटणीत वर नवा मीटर बसला होता, वीज आणणारी फेजची तार नवी गेली होती, पण न्यूट्रल कुणीतरी जुन्याच बोर्डात राहू दिली होती. वरची सगळी वीज या खालच्या पट्टीतून आणि खालच्याच मेनमधून परतत होती. मेन पाडला की आईचं ऑक्सिजनचं मशीन थांबणार, आणि पट्टीला हात लावणारा मरणार.

मामा वर गेला. "तासभर आईंना सिलिंडरवर ठेवा. नाहीतर समोरच्या घरातून वायर ओढून मशीन चालवू. दोन्ही मेन पाडल्याशिवाय हे काम होणार नाही."

"सिलिंडर रिकामा आहे," धाकटा म्हणाला. "आणि माझा मीटर वेगळा. दादाच्या बोर्डाशी माझा काय संबंध? त्याला सांगा, आईच्या जिवावर उठू नकोस."

"अहो, निदान सिलिंडर तरी भरून ठेवा."

"बघू."

खाली थोरला म्हणाला, "मी त्याची पायरी चढणार नाही. तुम्ही चालूमध्येच आवळा ना तो स्क्रू."

मामाने वाकत नसलेल्या बोटांकडे पाहिलं. "नाही जमणार," एवढंच तो बोलला.

नंतरही तो दोनदा त्या घरी जाऊन आला. धाकट्याने दारातूनच परतवून लावलं.

एका दुपारी पट्टी जळून तुटली. खाली कुणी नव्हतं. वर धाकट्याला वाटलं, नेहमीसारखी वीज गेली असेल, येईल. तो आईला वर्तमानपत्राने वारा घालत बसला. समोरच्या घरातला पंखा फिरताना दिसला तेव्हा तो मदतीसाठी धावत सुटला. मामा पोहोचला तेव्हा आई गेल्याचं सांगून डॉक्टर जिना उतरत होते.

थोरला अंगणात उभा होता. म्हणाला, "त्या दिवशी आवळला असतात तर..."

मामाने आत जाऊन जळक्या बोर्डाला झाकण लावलं.

काही दिवसांनी दोघा भावांनीच त्याला बोलावलं. दोन्ही मेन पाडले, मामाने वरची न्यूट्रल वरच्या मीटरवर नेली. तासाभराचंही काम नव्हतं. दोघे भाऊ शेजारीशेजारी उभे राहून बघत होते. मामाने हत्यारं पिशवीत भरली, आणि तो घरी निघून आला.