अक्कलदाढेचा उतार

कवळ्या करणाऱ्या बाईंना घाई करता येत नाही, हे त्यांच्या दवाखान्यात सगळ्यांना पाठ होतं. डॉक्टर पुढच्या खोलीत दात काढायचे आणि बाई मागच्या खोलीत दात करायच्या. खोली एवढीशी. खिडकीखाली टेबल, टेबलावर मेण वितळवायची बत्ती, प्लास्टरचे साचे, पॉलिशची मोटर आणि बाईंच्या नाकापासून वीतभर अंतरावर कुणाचा तरी उद्याचा जबडा. बावीस वर्षं त्या अशाच वाकून बसत आल्या होत्या. डॉक्टर म्हणायचे, “तीन दिवसांत हवी हं.” बाई मान हलवायच्या आणि पाच दिवस घ्यायच्या. पण त्यांनी केलेली कवळी कधी टोचते म्हणून परत आली नाही. शिवाय हातात घेतलेलं काम अर्धवट टाकून त्या एकदाही उठल्या नव्हत्या, आणि याचा त्यांना बऱ्यापैकी गर्व होता. तो गर्व यंदा पार धुळीला मिळाला, तोही एका सायकलपायी आणि पोटच्या पोरीच्या हातून.

पोरगी सतरा वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी सापडायची नाही. तिला डोंगरातल्या सायकल शर्यतींचं वेड लागलं, तेव्हा क्लबवाल्यांनी अट घातली की शनिवार-रविवारच्या सरावाला अठरा वर्षांखालच्या मुलांबरोबर घरचं एक मोठं माणूस सायकलवर हवं. बाईंचा नवरा शहर बसचा ड्रायव्हर. त्याचा उजवा गुडघा क्लच दाबून नव्हे, ब्रेक दाबून गेला होता, असं तो ज्याला त्याला सांगे. “मी व्हॅन चालवीन, डबे धरीन, टाळ्या वाजवीन,” तो म्हणाला, “पण चढावर मला कुणी पाठवू नका.” मग राहिल्या बाई. त्यांनी ओळखीतून एक जुनी सायकल आणली आणि पहिल्या शनिवारी ती अख्खा चढ हाताने ढकलत नेली. दुसऱ्या शनिवारी अर्धा चढ. पाचव्या शनिवारी वर पोचल्यावर त्यांना दम लागला, चेहरा लालबुंद झाला आणि त्या एकट्याच हसत उभ्या राहिल्या. भिंगरीने ते बघितलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. शहाणी मुलगी!

त्यानंतर घराचे शनिवार-रविवार बदलूनच गेले. शुक्रवारी संध्याकाळी अंडी उकडली जायची, केळी मोजून पिशवीत जायची, बाथरूममध्ये दोन चेन रॉकेलात भिजत पडायच्या. बाई दात घासायच्या ब्रशनेच चेन साफ करायच्या. ब्रश दवाखान्यातून फुकट मिळायचे. सकाळी व्हॅनमध्ये दोन सायकली, तीन घडीच्या खुर्च्या आणि नवऱ्याची उशी. आई आणि लेक डोंगरावर, बापाचा झाडाखाली घोरायचा सराव. परत येताना तिघंही धुळीने माखलेले. एकटा झोपून उठलेला बाप कशाने माखायचा हे मात्र कधी कळलं नाही.

पुढे बाईंनी कुणाला न विचारता महिलांच्या शर्यतीचा अर्ज भरला. मोसमातल्या सगळ्या शर्यती, एकूण सहा. घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “अगं, अर्ज वाचून भरलास ना?”

वाचला नव्हता. तिथेच सगळी गोम होती. शर्यत चार फेऱ्यांची आणि सगळ्या वयाच्या बायका-मुली एकदमच सुटणार. सगळ्यात पुढची जी असेल तिने मागून येऊन तुम्हाला गाठलं, म्हणजे तिची एक फेरी जास्त झाली, की तुमची शर्यत तिथेच संपली. जिथे फेरी पुरी व्हायची त्या कमानीपाशी लाल झेंडी घेतलेले एक काका उभे असत. ते झेंडी आडवी धरत आणि फार आदराने म्हणत, “बाई, या बाजूला.” आता सगळ्यात पुढे कोण असायची? भिंगरी. तिला एका फेरीला पंधरा मिनिटं लागायची, बाईंना एकवीस. म्हणजे लेकीच्या चार फेऱ्या होईपर्यंत आईच्या तीन पुऱ्या होत नसत. पहिल्या चारही शर्यतींत लेकीने आईला शर्यतीबाहेर काढलं. दर वेळी बाई सायकल ढकलत नवऱ्याजवळ यायच्या, तिसऱ्या खुर्चीत बसायच्या आणि लेकीसाठी टाळ्या वाजवायच्या. टाळ्या मनापासून असायच्या. पण दवाखान्यातला सोमवार जड जायचा. टेबलावरचा पुरा झालेला जबडा बघून त्यांना वाटायचं, हा म्हातारा सुद्धा आपल्यापेक्षा पुढे गेला.

त्यांना बक्षीस नको होतं, नंबर नको होता. एक शर्यत शेवटपर्यंत पुरी करायची होती, बस्स.

अडचण पायांत नव्हती. चढावर बाई बऱ्या होत्या. त्यांचा घात उतारावर व्हायचा. शेवटचा उतार जुन्या दगडाच्या खाणीतून जायचा आणि त्यात वाटेवर उभे असलेले तीन दगड होते. बाईंनी त्यांना नावं दिली होती. पहिला सुळा, दुसरा दाढ आणि तिसरा, सगळ्यात मागे तिरका उगवलेला, अक्कलदाढ. या अक्कलदाढेच्या उजवीकडून हातभर वाट होती. सगळ्या जगाला ती दिसायची. बाईंना फक्त दगड दिसायचा. बावीस वर्षं वीतभर अंतरावरचं बघायची सवय. पुढच्या चाकाखाली जे येईल त्याच्याकडे त्या डोळे ताणून बघत, त्याचा कंगोरा, त्याची खाच, आणि बघता बघता बरोबर त्याच्यावरच जाऊन धडकत. धडकायच्या आधी दोन्ही ब्रेक आवळत ते वेगळंच. “आई, वर बघ!” भिंगरी ओरडून थकली. “अगं, वर बघितलं तर खालचं कसं दिसणार?” बाईंचं उत्तर ठरलेलं.

पाचव्या शर्यतीत भिंगरीने एक घोळ घातला. शेवटच्या फेरीत ती आईच्या मागे पोचली आणि तिला दया आली. तिने वेग कमी केला. तेवढ्यात लाल हेल्मेटवाली एक मुलगी मागून आली, भिंगरीच्या पुढे गेली, बाईंच्या पुढे गेली आणि शर्यत जिंकली. झेंडीवाले काका म्हणाले, “बाई, या बाजूला.” झालं! लेकीचा पहिला नंबर गेला आणि आईची शर्यतही गेली.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये नवऱ्याने रेडिओ लावला आणि दोघींचे चेहरे आरशात बघून बंद केला.

घरी पोचल्यावर बाईंचा बांध फुटला. “मला भीक घालतेस? तू? तुझी नाळ कापली तेव्हा मी शुद्धीत होते, कळलं?”

“तुला वाईट वाटतं म्हणून केलं!” भिंगरीलाही रडू आलं होतं.

“मला वाईट वाटू दे. ते माझं आहे. शेवटच्या शर्यतीला मी येतच नाही, म्हणजे प्रश्न मिटला.”

“तू नाही तर मीही नाही.”

दोघी एकाच मातीच्या. दोन दिवस घरात नुसती भांडी वाजत होती. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने जेवताना तह घडवून आणला. लेकीने वेग कमी करायचा नाही, काही झालं तरी. आईने शर्यत सोडायची नाही, काही झालं तरी. दोघींनी एकमेकींकडे न बघता हो म्हटलं. नवऱ्याने ते पुरेसं धरलं, कारण त्याला भात थंड झालेला आवडत नसे.

त्या आठवड्यात त्याने आणखी एक गोष्ट केली. बाईंच्या सुट्टीच्या दिवशी त्यांना आपल्या बसमध्ये अगदी पुढच्या सीटवर बसवलं. गर्दीची वेळ होती, रस्ता खणून ठेवला होता.

“काय दिसतंय?” त्याने विचारलं.

“तो खड्डा. अहो, खड्डा! खड्डा आला!”

बस खड्ड्याच्या कडेने सरळ निघून गेली.

“मी तर त्या लांबच्या पिवळ्या दुकानाकडे बघत होतो,” तो म्हणाला. “खड्डा एकदा बघायचा आणि सोडून द्यायचा. बघत बसलं की गाडी तिकडेच जाते. आपण बघतो तिकडे गाडी जाते गं. सव्वीस वर्षांत मला एवढं एकच कळलंय.”

बाई शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या आणि त्याच बसने परत आल्या. सबंध वेळ त्या लांबच्या दुकानांच्या पाट्या वाचत होत्या. घरी येईपर्यंत मान दुखायला लागली.

शेवटच्या शर्यतीच्या दिवशी व्हॅनमधून दोनच खुर्च्या निघाल्या.

“माझी कुठंय?” बाईंनी विचारलं.

“विसरली वाटतं,” नवरा म्हणाला आणि हेल्मेटचा पट्टा नीट करायला वाकला. सव्वीस वर्षांत एक थांबा न विसरलेला माणूस! बाईंना ते कळलं. बसायला जागाच ठेवली नव्हती.

शर्यत सुटली. भिंगरी आणि लाल हेल्मेटवाली पहिल्याच वळणावर दिसेनाशा झाल्या. बाईंनी आपला चढ धरला. पहिल्या फेरीत अक्कलदाढेने त्यांना पाडलं. कोपर सोलवटलं. दुसऱ्या फेरीत त्या पडल्या नाहीत, पण ब्रेक आवळून उतरल्या आणि बोटं बधिर झाली. तिसऱ्या फेरीच्या चढावर नवरा गुडघा धरून उभा होता. गुडघ्याचं कौतुक बाजूला ठेवून तो तिथवर चढला कसा, देव जाणे. “भिंगरी शेवटच्या फेरीत आहे!” तो ओरडला. “फार मागे नाही! जा!”

बाई गेल्या. वर पोचल्या तेव्हा मागच्या झाडीतून साखळीचा आवाज येत होता. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता, दर शुक्रवारी ती चेन त्याच घासत होत्या. समोर खाणीचा उतार होता, उताराच्या तळाशी मैदान आणि मैदानात कमान. लेकीच्या आधी कमानीखालून जायला हवं होतं; लेकीची शर्यत तिथेच संपणार होती, मग गाठायला मागे कुणी उरत नव्हतं. नाहीतर बाजूला व्हा, आणि बाजूला होऊन बसायला खुर्चीही नव्हती.

सुळा आला. त्यांनी तो एकदा बघितला आणि सोडून दिला. दाढ आली, तीही सोडली. पुढे अक्कलदाढ तिरकी उभी होती आणि बाईंचे डोळे सवयीने तिच्याकडे ओढले जायला लागले. त्यांनी मान उचलली. लांब खाली कमानीवर काहीतरी लिहिलं होतं. ते काय आहे हे वाचायचं त्यांनी ठरवलं, अगदी हट्टाने, पाटीवरच्या अक्षरांसारखं. पहिलं अक्षर लागलं, दुसरं लागलं, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, बोटं ब्रेकवरून सुटली आणि तिसरं अक्षर लागेपर्यंत अक्कलदाढ मागे गेली होती. कधी गेली, कुठल्या बाजूने गेली, त्यांना आजतागायत सांगता येत नाही.

मैदानात त्या पोचल्या तेव्हा झेंडीवाल्या काकांनी झेंडी उचलली होती. त्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंच्या मागे बघितलं आणि झेंडी खाली घेतली. “जा बाई, जा!” ते ओरडले. बाई कमानीखालून गेल्या. पाठोपाठ दोन-तीन सेकंदांत भिंगरी आली आणि जिंकली. तिच्या मागून लाल हेल्मेटवाली. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. बाईंना त्या मागून ऐकू आल्या, कारण त्या चौथ्या फेरीला लागल्या होत्या.

चौथ्या फेरीत त्या एकट्याच होत्या. बाकीच्या सगळ्या आल्या होत्या. स्वयंसेवक वाटेवरच्या पट्ट्या गुंडाळत होते, बाई आल्या की हात थांबवत होते आणि गेल्या की पुन्हा गुंडाळत होते. बाईंनी घाई केली नाही. इतका आनंद त्यांना बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. कमानीपाशी पोचल्या तेव्हा लाउडस्पीकरची वायर काढलेली होती, म्हणून निवेदकाने तोंडानेच त्यांचा नंबर पुकारला. बाई शेवटच्या आल्या.

नवऱ्याने व्हॅनच्या सीटखालून तिसरी खुर्ची काढली.

“विसरली होती ना?” बाई म्हणाल्या.

“आता आठवली.”

बाई बसल्या. पाणी प्यायल्या. भिंगरी पदक गळ्यात घालून समोर गवतावर बसली होती. बाईंच्या मनात मघापासून एक गोष्ट टोचत होती. ती विचारल्याशिवाय ही शर्यत पुरी झाली असं त्या धरणार नव्हत्या.

“खरं सांग,” त्या म्हणाल्या. “उतारावर वेग कमी केलास?”

“कमी?” भिंगरीने डोळे मोठे केले. “घसा फाटेस्तोवर ओरडत होते मी! ‘आई, बाजू दे, बाजू दे!’ तू ऐकलंच नाहीस.”

“मग पुढे का नाही गेलीस?”

भिंगरी गवत उपटत राहिली. तिला हे सांगणं जिवावर आलं होतं, आणि तरी ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

“सापडलीच नाहीस,” ती म्हणाली.