बिरूचं बोट

सुई माझ्या दंडाला टेकली होती आणि ती मीच ओढवून घेतली होती. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझ्या नावापुढे साखर चारशे बारा दिसत होती. मी चौथी शिकलेली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, त्याच्याच ऑपरेशनसाठी आलेली. तरी डाव्या डोळ्याने तो आकडा वाचून सगळ्या खोलीला ऐकवला. घाईतल्या सिस्टरने पडद्याकडे पाहिलं आणि इन्सुलिन भरलं.

तेवढ्यात रक्त तपासणारा बिरू धावत आला. त्याने तिचा हात धरला.

"थांबा. आकडा खरा हाय, जागा खोटी हाय."

बिरू माकणीकडच्या मेंढपाळाच्या घरातला. त्याचा बाप संध्याकाळी प्रत्येक मेंढराच्या पाठीला हात लावून कळप मोजायचा. बिरू तसाच पडद्यावरच्या ओळीओळीवर बोट ठेवून आपल्या तपासणीच्या वहीशी ताडून बघायचा. काच कायम ठशांनी मळलेली. सकाळीच त्याने बजावलं होतं, "मावशी, म्या बोट फिरवल्याबिगर पडद्यावरचं धरू नका." मला वाचता येतं, असं मी त्याला ठणकावलं होतं.

जुना पडदा जळाल्यावर दवाखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता, पण आतला प्रोग्राम जुनाच. तो नुसता आकडा पाठवत नाही. अमक्या ओळीत, तमक्या घरात जाऊन लिही, असा हुकूमही सोबत देतो. जुना पडदा ऐकायचा. नव्या कॉम्प्युटरवर त्याची नक्कल करणारी एक खिडकी उघडायची, तिला काही हुकूम कळतच नव्हते. बिरूने मला माझ्या भाषेत सांगितलं, "नव्या सुनंला तिसऱ्या फळीवर ठेव म्हणलं, अन् तिनं दुसरीवरच ठिवलं."

दुसरी फळी म्हणजे पडद्यावरची माझी ओळ, तिसरी शेजारच्या खाटेवरच्या माझ्या धाकट्या जावेची, जनाची. चारशे बारा तिची होती. माझी ब्याण्णव. ती सुई मला टोचली असती तर मी गेले असते, आणि जना औषधाविना पडून राहिली असती.

जना एवढंच म्हणाली, "आक्का, जन्मभर माझं घेतलं, आता साखरबी घेता व्हय?"

मी सिस्टरला जनाची खाट दाखवली.

बिरूने दोन दिवस खपून त्या खिडकीला राहिलेले हुकूम शिकवले आणि प्रत्येक आकडा आपल्या जागी आणला. तरी बोट फिरवणं सोडलं नाही.

पुढे काविळीने तो गेला. जना आहे. मी आहे.