शिवलेले खिसे

मी गिरणीच्या कचेरीच्या दारात उभा राहिलो, तशी हेडक्लार्कनं टेबलावरचं घड्याळ उचललं आणि आपल्या खिशात टाकलं. अजून माझं नावही विचारलं नव्हतं. अर्जावर फक्त पत्ता वाचला होता. सेटलमेंट, सोलापूर. तेवढं पुरलं.

तारेच्या कुंपणात राहणारी आम्ही माणसं. इंग्रज सरकारच्या कायद्यानं आमची जमातच जन्मतः चोर. बाहेर जायला पास, संध्याकाळी हजेरी. मी तिथल्याच शाळेत मराठी सातवी झालो होतो आणि गिरणीच्या कचेरीत कारकुनाची जागा निघाली होती. ती मिळाली तर मला आणि आईला तारेबाहेर खोली करून राहायची परवानगी मिळणार होती. सगळं या मुलाखतीवर अडलं होतं.

सकाळी शाळेच्या मास्तरांनी त्यांचा जुना कोट मला देऊन टाकला. आईनं तो उलटासुलटा करून पाहिला, सुई काढली आणि दोन्ही खिशांची तोंडं शिवून टाकली.

"कुनी आत काय टाकाया नगं, आन् कुनी काय हुडकाया नगं," ती म्हणाली. "हात टेबलावर ठिव. त्यास्नी दिसू दे."

मला तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं.

हेडक्लार्कनं कागद आणि दौत-टाक पुढं सरकवले. "लिही. कापसाच्या गाठी भिजून आल्या, म्हणून व्यापाऱ्याला पत्र."

शेजारचे दोन कारकून काम थांबवून बघायला लागले.  पाटीवर, मातीत, मांडीवर बोटानं गिरवलेली अक्षरं, त्यातलं एकही आठवेना.  वर पाहिलं तर कळलं, माझ्या अक्षराकडं कुणी बघतच नव्हतं. सगळे माझ्या बोटांकडं बघत होते. टाक दौतीकडं गेला की तीन जणांचे डोळे त्याच्यामागं जायचे. कागदावर शाईचा थेंब पडला. कुणीतरी हसलं. मला चीड आली, आणि चिडीनंच अक्षरं आठवली. पत्र लिहून काढलं.

हेडक्लार्कनं ते दोनदा वाचलं. अर्ज शेजारी ठेवून अक्षर ताडून पाहिलं. जुळत होतं, तरी विचारलं,

"अर्ज कुणाकडून लिहून घेतलास?"

"मीच लिहिलाय."

मग तो हसला. त्या हसण्याचा मला जास्त संशय आला. आमच्याशी कुणी गोड बोललं की पाठीमागं पोलीस उभा असतो, हे आम्हाला पोरवयातच कळतं.

त्याची नजर कोटावर गेली. "खिसे कुणी शिवले रे?"

"आईनं."

का, ते मी सांगितलं नाही. त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं कारकुनांना बोट करून दाखवलं. तिघं पोट धरून हसले.

"बाई हुशार आहे हो," तो म्हणाला. "अक्षर चांगलं आहे, जागा तुला देतो. पण रोज असंच शिवून यायचं. शिपाई दारात टाके बघेल. उसवलेले दिसले की घरी."

व्हय म्हणायचं ओठावर आलं होतं. तारेबाहेरची खोली मला दिसत होती. त्या खोलीत रोज सकाळी सुई घेऊन बसलेली आईही दिसली. माझी आई रोज मला चोर ठरवणार, आणि तेही मायेनं. 

मी अंगठा टाक्यांत घातला आणि ओढला. दोऱ्याबरोबर कापडही फाटलं. हात खिशात घातला. आत काही नव्हतं.

हेडक्लार्क ताडकन उठला. "हात बाहेर काढ."

"खिसा माझा हाय," मी म्हणालो. "हातबी माझा."

"जागा हवी की नको तुला?"

"जागा पायजे. टाके नगं."

"मग चालू लाग."

दारात शिपायानं अंगभर चाचपलं. मी खिशातला हात काढला नाही. त्यानंच तो ओढून बाहेर काढला.

हजेरीच्या आत परतलो. आईनं फाटका खिसा पाहिला. नोकरीचं तिनं विचारलंच नाही.

"काय घावलं त्यास्नी?"

"काय न्हाय."

ती सुईत दोरा ओवायला लागली. मी सुई तिच्या हातातून काढून घेतली. तिनं फाटक्या खिशात हात घालून आत चाचपलं. तिलाही माझा संशय आला होता.

आता मी दुसऱ्या गिरणीत अर्ज करणार. मग तिसऱ्या. माझ्या अक्षरात, याच पत्त्यावरून, हाच कोट घालून. झडती घ्यायची असेल तर त्यांनी घ्यावी, मी समोर उभा राहीन. पण घरून निघतानाच, खिसे शिवून, ती झडती मी स्वतःच देऊन जाणार नाही.