पडद्याची कड

मी बनवलेला गेम आईने उघडला आणि फोन तिरका करून ती कडेला डोकावली, दाराआड कोणी लपलंय का पाहावं तशी.

"अगं, आत शिरायचं कुठून? न शिकलेल्यांना दार बंद होय गं?"

मला हसू आलं, मग वाईट वाटलं. ऑफिसच्या रुंद पडद्यावर मोजून ठेवलेलं ‘सुरू करा’चं बटण तिच्या अरुंद फोनबाहेर गेलं होतं.

लहानपणी आठवडी बाजारात ती मला म्हणायची, "गर्दी किती का असेना, पदराचं टोक सोडू नकोस." त्याच आधाराने मी कॉलेजपर्यंत पोचले.

मी मोजमापं काढून टाकली आणि बटण पडद्याच्या कडेलाच बांधलं. आता पडदा आकसला, तरी ते कडेबरोबर सरकेल.

आईने पुन्हा गेम उघडला. बटण कोपऱ्यात उभं होतं. ते दाबण्याआधी तिने पदराने फोनची काच पुसली.