आत्याची एन्ट्री

हसून झालं असेल सगळ्यांचं, तर सांगतो. आज सकाळी सुमनआत्या गेली.

हो, तीच. दोन आठवड्यांपूर्वी जिचा व्हिडिओ मी इथेच टाकला होता आणि ज्याच्याखाली तुम्ही हसणाऱ्या चेहऱ्यांचा ढीग घातला होतात.

राग तुमच्यावर आहेच. पण पहिला जोडा मला मारा, व्हिडिओ मी काढला होता.

टीव्हीवर ती विनोदी मालिका लागते ना, एक हौशी नाटक मंडळी आणि दर आठवड्याला त्यांच्या प्रयोगाचा बोऱ्या? त्या रविवारी सेटचं दार अडकतं. नायिका मागून ढकलतेय, दार नुसतं हलतंय, शेवटी अख्खा सेट तिच्यासकट आडवा.

आमच्या परळच्या घरी सगळं खानदान जमलेलं. हसून हसून मुरकुंडी वळलेली.

माझा भाऊ ओरडला, "आत्या, अगं हा तर तुझा एपिसोड!"

मी लगेच मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. शहाऐंशी वर्षांची बाई. "आत्या, एक डायलॉग होऊन जाऊ दे!"

ती टीव्हीकडे बघत राहिली. तेवढंच अपलोड केलं आणि वर लिहिलं, "सेट पाडणारी ओरिजिनल आर्टिस्ट".

लाज वाटते आता वाचताना.

आमच्या घरात ती गोष्ट सगळ्यांना पाठ. नाना, म्हणजे माझे वडील, आत्याचे थोरले भाऊ, दर एक मेला सांगायचे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. गिरगावातल्या आमच्या चाळीत गणपतीतलं नाटक. नाना आणि त्यांचे दोस्त मोर्चातून पळत आले, पोलीस गल्लीच्या तोंडाशी. मोर्चाचे बोर्ड लपवायचे कुठे? सेटच्या मागे कोंबले, बरोबर दाराला टेकवून. आणि ते दार होतं आत्याच्या एन्ट्रीचं.

नाना रंगात यायचे. "दार उघडेना! पब्लिक लोळतंय हसून. मग धाडकन सेट खाली, त्याच्यावर पालथी आमची सुमी, आणि आजूबाजूला आमचे बोर्ड! एकानं वाचून घोषणा दिली, अख्खी चाळ उभी राहिली. नाटक पडलं, पण सभा उभी राहिली!"

आम्ही हसायचो. आत्या तेव्हा चहा गाळत असायची.

व्हिडिओ टाकल्यावर चार दिवसांनी मी गिरगावात तिच्या खोलीवर गेलो. म्हणाली, "काय काय लिहिलंय रे लोकांनी?"

मी मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. "पोट दुखलं हसून." "आजी रॉक्स." "यांनाच मालिकेत घ्या."

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे अजून हसतायत होय रे."

मी मोबाइल पालथा ठेवला. मग ती बोलायला लागली. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"तीन महिने तालीम केली होती मी. दादरच्या एका नाटक कंपनीचे दिग्दर्शक खास मला बघायला आले होते, पहिल्या रांगेत बसवलेले. त्यांनी काय बघितलं? हलणारं दार. हा दात तेव्हाच तुटला."

पुढचा अर्धा दात. लहानपणी मी तिला त्यावरून चिडवायचो.

"मग?"

"मग काय. नाना म्हणाला, लोक हसले, पुरे झाली नाटकं. तरी त्या दिग्दर्शकांनी निरोप पाठवला होता, मुलीला तालमीला घेऊन या म्हणून. नानानं मला तो दोन वर्षांनी सांगितला. माझं लग्न ठरल्यावर."

मी भडकलो. "आणि तू गप्प बसलीस? त्या चळवळीचं कौतुक ऐकत चहा करत राहिलीस?"

"चळवळीला नाव ठेवू नकोस हं. घोषणा मी पण दिली होती. तोंडात रक्त होतं, तरी दिली. मुंबई काय एकट्या नानाची होती?"

नानांना शाल मिळाली, नारळ मिळाला, चाळीच्या ऑफिसात फोटो लागला. लागू दे. मला त्यांचा अभिमान होता, अजूनही आहे.

पोलीस मागे होते, मान्य. बोर्ड लपवायलाच हवे होते, तेही मान्य. पण नाना, तो निरोप दडवताना तुमच्या मागे कुठला पोलीस लागला होता?

आणि आम्ही काय वेगळे? एक बाई पडली की हसायचं, एवढंच आम्हाला येतं. ती कुठे निघाली होती, हे विचारायचं कुणालाच सुचत नाही.

निघताना मी विचारलं, "दारातून आल्यावर पहिलं वाक्य काय होतं तुझं?"

"तुला पाठ आहे की."

आणि म्हणून दाखवलं. "येऊ का आत? उशीर झाला खरा, पण आले."

आयुष्यभर आमच्या दारात उभी राहून ती हेच म्हणायची. आम्हाला वाटायचं, खोड आहे. आम्ही आतून ओरडायचो, "ये गं नाटकी!"

व्हिडिओ डिलीट केलाय. ज्यांनी फॉरवर्ड केला असेल त्यांनीही करा. आणि खाली आरआयपी टाकून लगेच पुढच्या रीलवर पळू नका.

त्या संध्याकाळी अख्खी चाळ उभी राहिली होती, पण ती बोर्डांसाठी. आज असाल तिथे एक मिनिट तिच्यासाठी उभे राहा.

सुमनआत्या, तुला नमस्कार, आणि जमलं तर माफ कर.

ये आत. उशीर आम्हालाच झाला.